गुऱ्हाळापाशी सांडलेलं ॲसिड

अग्निशामक दलातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "भीती वाटायची नाही का हो?" आणि दुसरा, "बंबातलं पाणी मध्येच संपलं तर काय करायचा?" पहिल्याचं उत्तर आहे, वाटायची. दुसऱ्याचं उत्तर आहे, शिव्या खायचो. पण सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त शिव्या पडल्या त्या पाणी संपलं म्हणून नव्हे. बंब काठोकाठ भरलेला होता आणि मी पाणी मारू देत नव्हतो, म्हणून पडल्या. ती सकाळ आठवली की आजही मला एकट्याला हसू येतं, तेव्हा दिवाळीच्या फराळासोबत तीच तुमच्या ताटात वाढतो.

मदतीसाठी येणाऱ्या फोनला आमच्याकडे वर्दी म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं वर्दी म्हणजे आगच. आगी असतातच, पण कोल्हापूरकर आम्हाला कशालाही बोलावतात. विहिरीत पडलेली म्हैस, स्कूटरच्या डिकीत शिरलेला साप, आतून कडी लावून झोपलेले आणि हाकेला ओ न देणारे आजोबा. त्या आजोबांच्या दाराला आम्ही पहार लावली, तर आतून शांतपणे आवाज आला, "दार सागवानी हाय, जपून." म्हैस दोरानं वर काढली, तेव्हा मालकानं आमच्याकडे न बघता आधी तिची सडं तपासली. माझी तक्रार नाही. असल्या गिऱ्हाइकांमुळेच नोकरी मजेत गेली.

ती वर्दी आली तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता आणि सकाळचा चहा नुकताच टेबलावर आला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, बावड्याच्या पुढं रस्ता जळालाय. धूर हाय, पण जाळ न्हाय." मी विचारलं, कडेचं गवत कसं दिसतंय? तो म्हणाला, बघता बघता काळं पडायला लागलंय. जवळ टँकर आहे का? आहे की, कलंडलाय. चहा तसाच टाकून आम्ही निघालो.

जाळ नसताना गवत काळं पडत असेल तर ते बहुधा गंधकाचं ॲसिड. गाडीच्या बॅटरीत असतं ते याचंच पातळ केलेलं रूप. टँकरमधलं जहाल असतं, दिसायला तेलासारखं घट्टसर आणि अगदी निरुपद्रवी. गवत, कापड, कातडी, साखर, जे सापडेल त्यातलं पाणी ते ओढून घेतं आणि मागं कोळसा ठेवतं. आणि त्याच्या डबक्यावर वरून पाणी ओतलं, की ते क्षणात उकळतं आणि तडतडून चारी बाजूंना उडतं. तापल्या तेलात पाण्याचा शिंतोडा पडल्यावर काय होतं, हे ज्यांनी भजी तळली आहेत त्यांना सांगावं लागत नाही. आमच्या सौभाग्यवतींना हे समजायला एक वाक्य पुरलं होतं. त्या दिवशी जमलेल्या मंडळींना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

कसबा बावड्याच्या पुढं शेतांमधून जाणारा तो रस्ता. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला बाजू देताना टँकरची डावी चाकं कडेच्या मऊ मातीत रुतली होती. टँकर चरीकडे कलला होता आणि त्याचा मागचा व्हॉल्व्ह दगडावर आपटून चिरला होता. त्यातून करंगळीएवढी धार चरीत पडत होती. चर पुढं ओढ्याला मिळते आणि ओढा पंचगंगेला. म्हणजे चरीतलं ते ॲसिड चुकून ओढ्यात उतरलं असतं, तर खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या जनावरांचं आणि माशांचं काही खरं नव्हतं.

मी बंब बराच अलीकडे थांबवला. अशा ठिकाणी वारा पाठीवर घेऊन जायचं असतं, वाफा आपल्यावर येऊ द्यायच्या नसतात. वारा कुठला आहे हे बघायला एरवी आम्ही रुमाल हवेत धरतो. इथं रस्त्यालगत एक गुऱ्हाळ चालू होतं, त्याच्या धुराड्यानं ते काम फुकटात केलं. मंडळी जमलेलीच होती, निम्म्यांचे मोबाइल वर. बंब दिसल्यावर त्यांना हायसं वाटलं. पण कोणीच पाइप उलगडेना, तेव्हा कुजबुज सुरू झाली.

"पाणी मारा की वो," एकजण म्हणाला. मी म्हटलं, पाणी मारायचं नाही.

"मग बंब कशाला आणलाय? मिरवायला?"

हशा पिकला. दुसऱ्यानं विचारलं, साहेब ते पाणी घरी अंघोळीला न्यायचंय काय. कोल्हापूरच्या माणसाला संकटातही थट्टा सुचते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पण मी विचारलं की ड्रायव्हर कुठं आहे, आणि हसणं एकदम थांबलं. सगळ्यांनी गुऱ्हाळाकडे बोटं केली. व्हॉल्व्ह बघायला तो खाली वाकला आणि तोंडावर उडालं, असं कोणीतरी सांगितलं.

आमच्या कामात माणूस आधी, रस्ता नंतर. मी बाजीरावला सूट चढवायला सांगितलं. बाजीराव आमचा तांडेल, म्हणजे फायरमनच्या टोळीचा म्होरक्या. ॲसिडचा सूट घालणं म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये स्वतःला कोंबून घेणं. त्यावर गमबूट, हातमोजे, तोंडावर मुखवटा आणि पाठीवर टाकी. लोक तिला ऑक्सिजनची टाकी म्हणतात. आत साधी हवाच भरलेली असते. आणि अशा जागी कधी एकट्यानं जायचं नसतं, दोघं जातात आणि बाहेर आणखी दोघं तयार उभे असतात.

ते तयार होईपर्यंत मी थट्टा करणाऱ्यांनाच कामाला लावलं. आमच्याकडे उसाला पाणी पाजताना खोऱ्यानं माती ओढून ते एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवतात, त्याला दारं धरणं म्हणतात. मी म्हटलं, जन्मभर पाण्याला दारं धरलीत, आज ॲसिडला धरा. तिकडं ओढ्याच्या तोंडाशी, ॲसिडच्या पुष्कळ पुढं, कोरड्या मातीचा जाड बांध घाला. धार दिसायला लागली की खोरं टाकून मागं पळायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. बघ्याच्या हातात खोरं दिलं की तो बघ्या राहत नाही, हे नोकरीत शिकलेलं माझं सर्वांत उपयोगी शास्त्र आहे. मोबाइल खिशात गेले आणि माणसं शेतातून पलीकडं धावली.

गुऱ्हाळात मी शिरलो तेव्हा तो ड्रायव्हर, बसवराज त्याचं नाव, रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, म्हणजे काहिलीपासून, जरा बाजूला जमिनीवर बसून विव्हळत होता. डोळे गच्च मिटलेले, एक हात तोंडावर, दुसऱ्या हातानं गळा घट्ट धरलेला. त्याच्यावर गुऱ्हाळाचे मालक आण्णा वाकले होते. आण्णा स्वतःच गुळवे, म्हणजे गूळ करणारे कसबी. त्यांच्या हातात पितळी तांब्या होता. मी विचारलं, काय आहे? ते म्हणाले, "चुन्याची निवळी. डोळ्यात घालतो."

उसाचा रस उकळताना गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालतो. तिनं रसातला आंबटपणा मरतो, मळी वर येते आणि गूळ चांगला बसतो. आण्णांची हयात त्यात गेलेली. ॲसिड आंबट, चुना आंबटाला मारतो, तेव्हा डोळ्यात चुना घालावा, असं त्यांचं साधं गणित होतं आणि ते काहिलीपुरतं बिनचूकही होतं. पण डोळ्याच्या बाबतीत हे आगीतून फुफाट्यात जाणं झालं असतं. चुना डोळ्याला ॲसिडपेक्षाही खोल पोळतो, शिवाय दोघं एकत्र आले की उष्णता होते ती वेगळीच. तांब्या तिरपा झालेला होता. सांगत बसायला वेळ नव्हता, मी त्यांच्या मनगटावर जोरात फटका मारला. तांब्या राखेत जाऊन पडला.

आण्णा ताठ उभे राहिले. "माज्या गुऱ्हाळात माज्याच हातावर मारालायसा व्हय, साहेब?"

"आण्णा, डोळा म्हणजे काहिल न्हाय. साधं पाणी द्या, भरपूर द्या."

बोअरचा पाइप त्यांनीच ओढून आणला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालंच, रस्त्याला पाणी नको म्हणता आणि ह्याला भरपूर, हा कुठला न्याय? न्याय असा की रस्त्यावर ॲसिडचं डबकं असतं, माणसाच्या अंगावर थोडंसं. थोड्या ॲसिडवर धो धो पाणी सोडलं तर ते तापायच्या आत वाहून जातं. बाहेर एकानं जीप सुरू करून ठेवली होती, तो म्हणत होता की आधी दवाखान्यात न्या. मी नाही म्हटलं. रुग्णवाहिका निघालेली होती. ती येईपर्यंत डोळे धुतले नाहीत तर दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेवर ॲसिड आपलं काम करत राहणार आणि डॉक्टरांच्या हाती फक्त पट्टी बांधणं उरणार. त्या माणसाला पुन्हा दिसणार की नाही, हे तिथंच, त्या राखेत ठरायचं होतं.

अडचण एवढीच की बसवराज डोळे उघडेना. मी ओरडलो, बाजूचे ओरडले, पण एक तर तो वेदनेनं बेजार आणि दुसरं म्हणजे कानडी मुलखातला. आमचा मराठी आरडाओरडा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. तेव्हा आण्णांच्या घरच्या, त्यांना सगळे आक्का म्हणतात, पदर खोचून त्याच्याजवळ येऊन बसल्या. आक्कांचं माहेर चिकोडीकडचं. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी म्हणाल्या, "तम्मा, कण्ण तेगी." बाळा, डोळे उघड. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ते ऐकून पहिल्यांदाच त्यानं मान हलवली.

पण गळ्यावरचा हात तो काढेना. मला वाटलं गळाही भाजलाय. सदरा कापून काढायला हवा होता आणि तो कोणाला शिवू देत नव्हता. आक्कांना मात्र चटकन कळलं. त्याही लिंगायताच्या घरातल्या. त्याच्या गळ्यात इष्टलिंग होतं, त्याचा दोरा ॲसिडनं भिजून कातडीला लागला होता, आणि सदऱ्याबरोबर आम्ही लिंगही ओढून काढू या भीतीनं तो ते धरून बसला होता. आक्का त्याच्याशी दोन शब्द बोलल्या. पाइपाखाली धरून मीच तो दोरा कापला, आम्ही लिंग वाहत्या पाण्यात धुतलं, आणि आक्कांनी ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली. त्यानंतर त्या माणसानं सगळं अंग आमच्या स्वाधीन केलं. मी देवधर्मातला फारसा नाही, पण त्या क्षणी मला आक्कांच्या पाया पडावंसं वाटलं.

डोळे धुण्याचीही रीत असते. पाण्याचा दाब अगदी कमी, धार नाकाकडून कानाकडे, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जात नाही, आणि पापण्या बोटांनी ताणून धरायच्या. आक्का पापण्या धरत होत्या, मी धार सोडत होतो. आणि त्यांचं बोलणं अखंड चालू होतं. गाव कुठलं, भावंडं किती, बायको कुठली केली. रुग्णवाहिकेचा आवाज आला तोवर बसवराजची एक मावशी आक्कांच्या माहेरच्या गल्लीत दिलेली निघाली होती. वाटेतही धुणं थांबवायचं नाही, असं मी बरोबरच्यांना बजावलं. आक्का कोणालाही न विचारता ओल्या लुगड्यानिशी रुग्णवाहिकेत चढून बसल्या.

मी रस्त्याकडे परतलो. ओढ्याच्या तोंडाशी बांध उभा होता, आणि असा देखणा बांध मी सरकारी कामातसुद्धा पाहिलेला नाही. मंडळी लांब उभी राहून त्याचं कौतुक करत होती. एक उत्साही गृहस्थ मात्र ॲसिड टिपून घ्यायला रस काढलेल्या उसाच्या चिपाडांनी भरलेली बैलगाडी घेऊन आला होता. त्याला मी लांबूनच परत फिरवला. वाळकं चिपाड ॲसिडवर पडलं की काळं पडतं, तापतं, पेटूही शकतं. गुऱ्हाळाची चूल भर रस्त्यात पेटली असती.

बाजीराव आणि त्याचा जोडीदार तोवर टँकरपाशी पोचले होते. चिरलेल्या व्हॉल्व्हवर त्यांनी रबरी गादी दाबून पट्टा आवळला आणि धार थांबली. आता चरीतलं मारायला हवा होता चुना. म्हणजे मघाशी ज्यांच्या हातावर मारलं, त्यांच्याच दारात जाणं आलं.

मी म्हटलं, "आण्णा, चुना पाहिजे."

त्यांनी आपलं मनगट चोळलं. "आता पाहिजे व्हय?"

"डोळ्याला न्हाय. रस्त्याला."

"कळीचा का विझवलेला?"

हा प्रश्न ऐकून मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. कळीचा चुना नुसत्या पाण्यानंही खदखदतो, तो नको होता. विझवलेल्याची कोरडी पूड हवी होती. आण्णांनी आपली पोती काढली, शेजारच्या गुऱ्हाळांना हाका घातल्या आणि चुना येऊ लागला. बाजीरावनं कोरड्या मातीत मिसळून तो कडेकडेनं, थोडा थोडा, आत सरकत टाकला. चर फुसफुसत राहिली आणि मग शांत झाली. रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवून आम्ही खात्री केली. टँकरमधलं उरलेलं ॲसिड नंतर दुसऱ्या टँकरनं नेलं.

आणि मग बंबाचा पाइप उलगडला. सूट काढण्याआधी तो अंगावरच धुवायचा असतो, नाहीतर काढताना ॲसिड कातडीला लागतं. बाजीराव हात पसरून उभा राहिला आणि आम्ही त्याला पुढून मागून न्हाऊ घातलं. सकाळपासून पाण्याची वाट बघणाऱ्या मंडळींनी शिट्ट्या वाजवल्या. मघाचा तो थट्टेखोर म्हणाला, आग विझवायला न्हाय, तांडेलाला अंघोळ घालायला बंब आणलाय. आत बाजीरावही हसत होता, मुखवटा थरथरत होता त्यावरून कळलं.

पण माझं चित्त दवाखान्यात होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा वाचलाय, उजव्याचं आत्ता सांगता येत नाही. त्यानंतर आण्णा आमच्या स्टेशनवर यायला लागले. कधी रसाची किटली घेऊन, कधी इकडून चाललो होतो म्हणून. बावड्याहून कुठल्याही कामाला जाताना आमचं स्टेशन वाटेत लागत नाही, हा भाग वेगळा. बसायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, त्या पोराच्या उजव्या डोळ्याचं काय? दुसरा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला, आणि माझ्याकडे न बघता विचारला. "म्या निवळी घातली असती तर?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी अर्धा चहा तसाच टेबलावर ठेवला. मला त्यांची फार कणव आली, कारण भलं करायला गेलेल्या माणसाला असं उत्तर ऐकावं लागणं वाईटच.

हंगाम संपायच्या बेतात आला असताना बसवराज आपल्या थोरल्या भावाला घेऊन स्टेशनवर आला. काळा चष्मा, गालावर भाजल्याची गुलाबी खूण. मी त्यांना घेऊन गुऱ्हाळावर गेलो. आक्कांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे असे तपासले, जणू बाजारातून आणलेलं भांडं बघतायत. आण्णा मात्र पुढं आले नाहीत, काहिलीपाशीच घुटमळत राहिले. शेवटी त्यांनी त्या दिवशीच्या ताज्या ढेपेतून एक खडा फोडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

बसवराजनं चष्मा काढला. डावा डोळा तळहातानं झाकला. दवाखान्यापासून त्याला ही सवयच लागली होती, हाती येईल ते उजव्या डोळ्यासमोर धरून बघायची. त्यानं खडा उन्हात धरला, फिरवला आणि हळूच म्हणाला, "इदराग कड्डी ऐती."

आक्कांनी ओठ घट्ट मिटले. आण्णांच्या गुळाला नाव ठेवलेला माणूस त्या दारात पुन्हा कधी उभा राहिलेला नव्हता, हे सगळ्या बावड्याला ठाऊक होतं. चुलीवरची माणसंही थांबून बघायला लागली.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

आक्का म्हणाल्या, "काडी हाय म्हणतोय. गुळात."

आण्णांनी खडा घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, त्यांना काही दिसेना. तो माझ्याकडे आला. मी चष्मा पुसून पाहिलं तेव्हा कुठं दिसली, उसाची केसाएवढी बारीक काडी. होती खरी.

आण्णांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "उजव्यानंच बघितलंस न्हवं?" आक्कांनी ते कानडीत विचारलं, आणि बसवराजनं मान हलवली.

मग आण्णा चुलीवरच्या माणसांकडे वळले आणि हसत हसत खच्चून ओरडले, "ऐकलं का रं, माज्या गुळात काडी हाय!" तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. ते तसेच रस्त्यावर गेले आणि उसाचा ट्रॅक्टर चालला होता त्याला हात करून थांबवलं, आणि त्यालाही सांगितलं की माझ्या गुळात काडी आहे. ट्रॅक्टरवाला गोंधळला. म्हणाला, मग एवढं हसायला काय झालं? आण्णांनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागले.